गगनबावड्याला कर्णे उतरवले तेव्हा

गगनबावड्याला जायचं मनात असेल तर मे संपायच्या आत जा, आणि गाडीचा हॉर्न कोल्हापुरातच विसरा. का, ते सांगतो.

सत्तरच्या दशकातली, एका मे महिन्यातली गोष्ट. धनगरवाड्यांवर शाळा हवी म्हणून तिथं माझी सभा ठरली होती. सकाळची एस.टी. धरली, तिकीट तीन-साडेतीन रुपये. सोबत लाउडस्पीकरवाले दस्तगीरभाई, त्यांची बॅटरी आणि दोन कर्णे. वाटेत कळे इथं गरम कांदाभजी खाल्ली. मग ऊस मागं पडला, डोंगर अंगावर आले आणि खिडकीतला वारा गार झाला.

घाटमाथ्यावर पोहोचताच दस्तगीरभाईंनी ओढ्याकाठच्या जांभळावर कर्णे बांधले.

"सायेब, आवाज पार कोकणात उतरंल बघा!"

मलाही तेच हवं होतं.

खाली ओढ्यात शीळ चालली होती. रिकामा माणूस सूर शोधत घालतो, तशी. खडकावर निळा-काळा शीळकरी कस्तुर पक्षी बसला होता; पावसाच्या तोंडावर जोडी जमवायला तो असाच गातो. दस्तगीरभाईंचं "हॅलो, हॅलो" सुरू झालं. पाखरानं आवाज चढवला, वरच्या खडकावर गेलं, आणखी चढवला. मग गप्प झालं.

शेजारच्या चहाच्या टपरीवाल्या आक्का आतून ओरडल्या, "बंद करा की ते! चार दिस झालं, जोडीदारणीला हाका मारतंय बिचारं."

मी उसळलो. "आक्का, पोरांच्या शाळेचा प्रश्न हाय. पाखरासाठी सभा मोडू व्हय?"

"मोडा कोण म्हणतंय? तुमची माणसं हितं म्होरं येऊन बसतील की. ती कशी यायची? तिला काय हँडबिल वाटलंय?"

दस्तगीरभाई खो खो हसले. मी नाही. एवढी पुस्तकं वाचली, एवढ्या सभा गाजवल्या, आणि हे मला आक्कांनी शिकवावं!

"उतरवा कर्णे," मी म्हणालो.

"उतरवतो, पण पाखरानं माझा माईक बंद पाडला, हे कोल्हापुरात बोलू नगासा!"

उघड्या गळ्यानं तासभर बोललो. मागच्यांना ऐकू येईना, तशी माणसं सरकत सरकत माझ्या पायांपाशी आली. शाळेच्या अर्जावर सह्या झाल्या, अंगठे उठले. मी श्वास घ्यायला थांबलो की ओढ्यातून शीळ यायची.

घरी आलो तो घसा पार बसलेला. आज त्या घाटात वळणावळणावर हॉर्न वाजतात, आणि मला तो दिवस आठवतो. कुणाचं बोलणं दाबलं की माझं रक्त आजही तापतं. त्या दिवशी दाबणारा मीच होतो. ती मादी आली का, ठाऊक नाही. एस.टी.ची वेळ झाली होती. आम्ही निघालो तेव्हा तो बोलत होता, आणि मध्ये मी नव्हतो.