एक गोळा वहिनीचा

माझ्या वहिनीला क्लबात सगळे ‘उशी’ म्हणायचे, आणि ते नाव मीच ठेवलं होतं. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी इतरांवर तोंड सोडेन तेव्हा मी स्वतः अगदी धुतल्या तांदळासारखी होते असं कुणाला वाटायला नको.

क्लबातला खेळ कॉम्प्युटरवरचा, तोफांचा. दोन्हीकडे दोन-दोन तोफा, मध्ये टेकड्या आणि खड्डे. एकाने मारायचं, मग समोरच्याने. डावात टर्न मोजकेच, आणि दर टर्नला वीस सेकंद. तेवढ्यात तोफेचा कोन ठरवायचा, जोर ठरवायचा, वरच्या कोपऱ्यातला बाण दाखवतो तो वारा हिशेबात धरायचा आणि गोळा सोडायचा. मारायचं नसेल तर ‘पास’. पास केला की समोरच्याच्या पुढच्या माऱ्यापुरती ढाल मिळते, निम्म्याहून जास्त मार तीच खाते. बस, एवढाच खेळ. पण माझा दादा त्याच्याबद्दल बोलायला लागला की ऐकणाऱ्याचा चहा गार व्हायचा.

दादाचा जुना जोडीदार नोकरीसाठी परगावी गेला आणि जोडीशिवाय स्पर्धेत घेत नाहीत. म्हणून लग्नाच्या दुसऱ्याच महिन्यात त्याने नव्या नवरीला खुर्चीत बसवलं. तिच्यासाठी त्याने एक डावपेच शोधून काढला होता. वहिनीने आपली तोफ पुढे नेऊन उघड्यावर उभी करायची आणि दर टर्नला पास करायचं. हाताशी आलेलं सोपं लक्ष्य बघून समोरचे तिच्यावर तुटून पडणार, गोळे ढालीवर वाया घालवणार, आणि तोवर दादा मागे टेकडीआड बसून आपला निशाणा पक्का करणार. डावपेच चालला. चार कप घरात आले. चारही कपांवर नाव कॅप्टनचं, म्हणजे दादाचं, आणि कपाटावरची धूळ पुसायची वहिनीने.

सात वर्षं ती बाई मार खात बसली. मी मागे उभी राहून ‘उशी, उशी’ असं ओरडायचे आणि पोरं टाळ्या वाजवायची. आज आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

वहिनी शहराबाहेरच्या एका नर्सरीत काम करते. झाडांच्या, मुलांच्या नव्हे. गेल्या महिन्यात घराची किल्ली घ्यायला मी तिथे गेले, तेव्हा ती काळ्या पिशव्यांमधल्या रोपांना पाणी घालत होती. बारा रांगा, आणि रांगांमध्ये जायला धड जागा नाही. ती एका टोकाला उभी राहून पाइपच्या तोंडावर अंगठा दाबून धार फेकत होती. पाचव्या रांगेत, मग नवव्या, मग शेवटच्या. एक थेंब वाटेवर सांडत नव्हता. मध्येच वारा समोरून आला, तर तिने बोलता बोलता पाइप खाली केला आणि धार वाऱ्याच्या पोटातून सरळ पलीकडे गेली.

“दे, मी घालते,” म्हणून मी पाइप घेतला, चांगला उंच धरला, आणि डोक्यापासून पायापर्यंत न्हाऊन निघाले. वहिनी हसून हसून बाकड्यावर बसली. मग हसू ओसरल्यावर म्हणाली, “यंदा एक तरी गोळा माझा मी मारणार आहे गं. माझ्या मनाने. लागो, न लागो.”

“मग दादाला सांग ना.”

“सांगितलं. म्हणाला, उगाच डोकं लावू नकोस.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याच संध्याकाळी मी दादाला गाठलं. तो टॉवेलने पाय पुसत मला समजावत होता, “हे बघ, टीममध्ये डोकं एकच असावं लागतं.”

“आणि ते ठेवायला उशी, होय ना?” मी म्हटलं.

त्याला तो विनोद वाटला. जेवताना त्याने तो वहिनीलाही ऐकवला.

यंदाची फायनल मॉलच्या वरच्या मजल्यावर होती, रविवारी दुपारी. समोर दोघं भाऊ, सायकल दुरुस्तीचं दुकान चालवणारे. दादाने नेहमीप्रमाणे वहिनीला पुढे काढलं. पण सात वर्षांत गावभर झालेला डावपेच त्या दोघांना काय ठाऊक नव्हता? त्यांनी वहिनीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. दादाच्या तोफेवरही मारलं नाही. तोफेखालची जमीन मारली. एक गोळा, दुसरा, तिसरा. टेकडी पोखरत गेली. दादाने मध्ये धाकट्या भावाची तोफ उडवली खरी, पण चौथ्या गोळ्याला त्याच्याच पायाखालचं मैदान गेलं आणि कॅप्टन खड्ड्यात बेपत्ता झाले.

आता समोर थोरला भाऊ आणि इकडे वहिनी. दोघांचा एक-एक टर्न उरलेला, आधी वहिनीचा. बाद झालेल्या जोडीदाराला बोलायची मुभा असते, आणि दादाने ती पुरेपूर घेतली.

“पास कर! ढाल घे, शेवटचा मार खा. बरोबरी झाली की नवा डाव लागतो, मग मी आहेच.”

तो म्हणत होता ते चुकीचं नव्हतं, हे मला कबूल आहे. मारलं आणि हुकलं तर ढाल नाही, आणि उघड्यावरची तोफ एका गोळ्यात खलास. वर बाण लालभडक झाला होता. वारा समोरून, पूर्ण जोराचा. मध्ये एक उंचवटा. मी घड्याळ बघत होते. बारा सेकंद. नऊ.

“पास कर म्हणतोय ना! बहिरी झालीस का?” दादा सगळ्यांदेखत ओरडला. कुणी हसलं. मला त्या हसणाऱ्याचा गळा धरावासा वाटला.

वहिनीने तोफ खाली आणली. आणखी खाली. चार सेकंद असताना तिने पूर्ण जोर भरला आणि गोळा सोडला. तो उंचवट्याला घासून गेला, वाऱ्यात जरा अडखळला, आणि थोरल्याच्या तोफेवर जाऊन फुटला.

हॉल दणाणला. मी काय ओरडले ते मला आठवत नाही, पण ‘उशी’ नक्कीच नव्हे. वहिनी खुर्चीत तशीच बसली होती, अंगठा पुढ्यातल्या बटणावर दाबून धरलेला.

आणि क्लबवाल्याने माइक दिला कुणाला? दादाला. कॅप्टनना! त्याने घसा खाकरला. “शेवटच्या क्षणी थंड डोकं ठेवावं लागतं. कोन मीच तिला हळूच सांगितला. आमचा ठरलेला, पंचाहत्तर.”

मी पुढे झेपावणार होते. माझ्या तोंडात काय काय आलं होतं ते इथे लिहिता येणार नाही. पण वहिनी उठली. माइक न घेताच बोलली, तरी सगळ्यांना ऐकू गेलं.

“पंचाहत्तर? अहो, वारा समोरून होता. पंचाहत्तरने गोळा उलटा माझ्याच डोक्यावर आला असता.”

“बेचाळीस होता,” हरलेला थोरला भाऊ खुर्चीतून म्हणाला. “माझ्याच बोडक्यावर पडला, मी नाही बघणार?”

दादाने माइक खाली ठेवला. कान लाल. तो तिच्याजवळ येऊन पुटपुटला, “घरी चल. बघू.”

ती घरी नाही गेली. ती क्लबवाल्याच्या टेबलाशी गेली, पुढच्या स्पर्धेचा फॉर्म ओढून घेतला आणि कॅप्टनच्या रकान्यात आपलं नाव लिहिलं. जोडीदाराचा रकाना मोकळा ठेवून तिने मान वर केली. मला वाटलं, आता माझं नाव लिहिणार. खरं सांगते, मला ते हवं होतं. पण माझ्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही, आणि का पाहावं?

“तुम्ही येणार आहात का?” तिने दादाला विचारलं. “पुढे उभं राहावं लागेल.”

दादा हसायला गेला, पण ते त्याला जमलं नाही. “आणि पुढे उभं राहून मी करायचं काय?”

“पास,” वहिनी म्हणाली.