ठुशीचा दोर

अक्काच्या लग्नात तिला ठुशी घातली होती. गळ्याला चिकटून बसणारी, बारीक मण्यांची, मागं दोर असलेली. दर दोन-तीन वर्षांनी तो दोर अपुरा पडायचा. मग अळणावरच्या बाजारात दागिने ओवणारा पटवेगार बसतो त्याच्याकडं जायचं आणि दोर बोटभर वाढवून आणायचा. अक्काच्या गळ्याला पुढं गाठ होती. लग्नात लिंबाएवढी, मी कॉलेजात गेले तेव्हा पेरूएवढी. आमच्या गल्लीत तशा आणखी तीन बायका होत्या. त्याला कुणी आजार म्हणत नव्हतं, भरला गळा म्हणत. अक्काला बघायला आलेल्या तिच्या सासूनंही तेच म्हटलं होतं, गळा भरलेला आहे, ठुशी शोभेल.

मी जन्मले आणि आई गेली. अक्का तेव्हा अकरा वर्षांची होती. अप्पांनी तिला पाचवीतनं काढलं, कारण मला सांभाळायला कुणीतरी पाहिजे होतं. तिची शाळा सुटली आणि माझी झाली. मी धारवाडात बी.एस्सी. केलं, रसायनशास्त्र घेऊन, फर्स्ट क्लासात. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, पुरुष धरूनसुद्धा. हे मी तेव्हा मोठ्यानं सांगत होते, आजही सांगते. पुढं तिथल्याच एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली आणि मळमड्डीत खोली घेतली.

दर रविवारी मी पॅसेंजरनं अळणावरला उतरून गावी जायची. अक्काला गावातच दिलेली. मी गेले की ओसरीवर चार माणसं वाट बघत असायची. कुणाचा सरकारी कागद वाचायचा, कुणाचा अर्ज लिहायचा, कुणाला गोळ्या दाखवून ह्या कशाच्या म्हणून विचारायचं. मी सांगायची. कधी नक्की माहीत नसलं तरी सांगायची. माहीत नाही म्हणायची सवयच राहिली नव्हती.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. गलगंडाचं आणि आयोडीनच्या मिठाचं तेव्हा भिंतीभिंतीवर लिहिलेलं असायचं. अक्काचा गळा मी लहानपणापासून बघत आले होते, पण तो आजार आहे हे मला भिंतीवर वाचून कळलं. तिला थंडी फार वाजायची. कामात ती सावकाश होती, दुपारी बसल्या जागी पेंगायची. सासू तिला म्हैस म्हणायची. तोंडावर म्हणायची आणि अक्का हसायची.

मी तिच्या घरचं मीठ कागदाच्या पुडीत बांधून प्रयोगशाळेत नेलं. आयोडीन असेल तर निळा रंग येतो, अशी साधी परीक्षा असते. रंग आला नाही. मग हुबळीच्या दाजीबानपेठेतल्या एका घाऊक दुकानातनं आयोडीन घातलेलं जाडं मीठ घेतलं, कारण बारीक मिठाला तिची सासू शिवली नसती. ते तपासलं. निळंभोर झालं. पाच किलोची पिशवी खांद्यावर घेऊन मी गावी गेले आणि सगळ्यांना बसवून समजावून सांगितलं.

दोन महिन्यांनी पुन्हा पुडी नेली. रंग नाही. मला वाटलं दुकानदारानं फसवलं. पुढच्या रविवारी गेले तर अक्का परसात बसून मीठ धूत होती. सुपात मीठ, वरनं तांब्यानं पाणी, मळकं पाणी खाली जातंय, आणि मग ते मीठ फडक्यावर पसरून चुलीजवळ वाळायला. आमच्याकडं जाडं मीठ असंच वापरतात. पोत्यातलं मीठ धुतल्याशिवाय मडक्यात भरत नाहीत. मी पण लहानपणी फडकं धरायला बसलेली. तरी ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. मी सांगितलं की धुतल्यानं आयोडीन सगळं पाण्याबरोबर जातं. सासू म्हणाली, "मग न धुता खाऊ काय ग? तुझ्या कॉलेजात मातीसकट खातात व्हय?"

मीठ न धुता वापरा, किंवा बारीक मिठाचं पाकीट घ्या, एवढ्यावर मी अडून बसायला हवं होतं. चार-सहा रविवार भांडले असते तर ऐकलं असतं त्यांनी. पण मला मिठाचा कंटाळा आला. आणि माझ्या डोक्यात एक हिशेब बसला. अक्काला तीस वर्षं आयोडीन कमी पडलं, तर आता ते भरून काढायला पाहिजे. शेताला पाणी कमी पडलं की आपण दुप्पट सोडतो तसं. प्रयोगशाळेत आयोडीनचं द्रावण मीच करायची. तपकिरी बाटली भरली, वर थेंब टाकायची नळी लावली. विचारायला तीन प्राध्यापक होते, धारवाड-हुबळीत डॉक्टर होते. मी कुणाला विचारलं नाही. पुस्तकात माणसाला दिवसाला किती लागतं ते लिहिलेलं होतं, अगदी चिमूट म्हणावं त्याहूनही कितीतरी कमी. मी ते वाचलं आणि त्याच्या कितीतरी पट दिलं.

पहिल्या दिवशी मी भाताच्या पेजेत एक थेंब टाकून दाखवला. पेज निळी-काळी झाली. सासूनं वाटी उचलून उजेडात धरली आणि फिरवून फिरवून बघितली. त्या घरात माझं वजन त्या दिवशी वाढलं. अक्काची मुलगी तेव्हा आठवीत होती. तिनं तो थेंब पुन्हा टाकायला लावला.

अक्का रोज सकाळी पाण्यातनं थेंब घ्यायची. वास येतो म्हणायची, लोखंडासारखा, पण घ्यायची. मी सांगितलेलं तिनं कधी मोडलं नाही.

तीन-चार महिन्यांत अक्का बदलली. पहाटे उठून सडा टाकून, भाकऱ्या थापून सगळ्यांच्या आधी शेतावर. दुपारची झोप गेली. थंडी गेली. ऐन पौषात ती पदरानं वारा घ्यायची. भूक वाढली आणि अंग मात्र हलकं झालं. सासू मला म्हणाली, "तुझ्या बाटलीत दारू आहे काय ग? आमची म्हैस आता घोडी झालीय की." सगळे हसले. मी सगळ्यांत जास्त हसले. ठुशीचा दोर आम्ही दोघींनी मिळून बघितला. दोन बोटं सैल झाला होता. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा दोर कमी करायची वेळ आली. मी सोमवारी प्रयोगशाळेत गेले ती छाती काढून. बाटली परत भरून ठेवली.

सासू तेव्हा आणखी एक बोलली होती. नातीला दहावीनंतर पुढं शिकवायचं नाही असं घरात ठरत आलं होतं. ती म्हणाली, शिकून असं काही हातात येत असलं तर मग शिकू दे पोरीला. अक्कानं माझ्याकडं बघितलं.

पुढच्या उन्हाळ्यात मी गेले तेव्हा अक्कानं चहा आणून दिला आणि बशीत अर्धा सांडला. मी हसले, घाई फार झालीय म्हटलं. ती म्हणाली, हात असाच हलतो आता, सुईत दोरा जात नाही. नंतर परसात मला एकटीला म्हणाली, "छातीत धडधडतंय ग. झोपले तरी धडधडतंय. थेंब कमी पडतायत काय?"

मी तिला थेंब थांबव म्हटलं नाही. तेही सांगते. मी म्हटलं, बघू, डॉक्टरांना दाखवू.

मंगळवारी रजा काढून आम्ही हुबळीला देशपांडे नगरातल्या एका डॉक्टरांकडं गेलो. अक्का, तिची सासू आणि मी. सासूला येऊ नका म्हटलं तरी आली. डॉक्टर वयस्कर होते, कानडीतनं बोलायचे. त्यांनी अक्काला दोन्ही हात पुढं करायला लावले आणि बोटांवर एक कोरा कागद ठेवला. कागद थरथरायला लागला. मग नाडी बघितली, गळा चाचपला. मी ठुशीचा दोर सैल झाल्याचं सांगितलं, आशेनं सांगितलं. त्यांनी गळ्याची गाठ दोन बोटांत धरली आणि म्हणाले, गाठ आहे तेवढीच आहे, माणूस उतरलंय. मग विचारलं, काही औषध चालू होतं काय? गावठी, झाडपाल्याचं, काहीही?

मी टेबलाच्या काचेखालचं कॅलेंडर बघत होते. औषधाच्या कंपनीचं होतं, त्यावर धबधब्याचं चित्र. मला बोलायचं होतं की नव्हतं हे आज सांगता येत नाही. तोंड उघडलं नाही एवढं खरं.

सासू म्हणाली, "ती बाटली..." आणि अक्कानं तिला मध्येच तोडलं. सासूचं बोलणं तोडलेलं मी त्या एकाच वेळी ऐकलं. अक्का कानडीत म्हणाली, बाटलीतलं संपलं होतं. बहिणीनं मोजून दिलेलं संपलं, म्हणून बाजारात वैदू बसतो त्याच्याकडनं तसलंच तपकिरी पाणी घेतलं. चार महिने झाले. बहिणीला सांगितलं नाही, ती रागावली असती.

वैदू नव्हता. बाटली मी दर महिन्याला भरून अक्काच्याच हातात देत होते, सासूला ते माहीत नव्हतं.

डॉक्टर खुर्चीत मागं रेलले. त्यांनी समजावून सांगितलं, मला उद्देशून, कारण मी बी.एस्सी. झालेय हे गेल्या गेल्याच सांगितलं होतं आणि मला कळेल असं त्यांना वाटलं. ज्या गाठीला वर्षानुवर्षं आयोडीन कमी मिळालंय तिला एकदम भरमसाट दिलं की ती बेफाम होते, मग हृदयावर येतं. माणसाला रोज लागतं ते सुईच्या टोकावर मावेल. कमी पडलं तर त्रास, जास्त झालं तरी त्रास, आणि ते रोजच्या मिठातनंच मिळालेलं बरं. अशा जुन्या गाठीला तर डॉक्टरांशिवाय हात लावू नये. मग अक्काकडं वळून म्हणाले, "घरात बी.एस्सी. झालेली बहीण आहे. तिला एक शब्द विचारायचा नाही काय, अम्मा?"

"चुकलं, सायबा," अक्का म्हणाली.

सासू म्हणाली, अडाणी ते अडाणीच.

रक्त तपासलं. थेंब बंद झाले, गोळ्या सुरू झाल्या. वर्षभरानं, धडधड आटोक्यात आल्यावर, मोठ्या दवाखान्यात गळ्याचं ऑपरेशन झालं. तेव्हापासून तिला रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी आहे, जन्मभर. मी दर महिन्याला गोळ्या नेते. या सगळ्यात मला रडू आलं असेल असं वाचणाऱ्याला वाटेल. आलं नाही. नोकरीवर जात होते, परीक्षानळ्या धूत होते, पॅसेंजर पकडत होते. हाताला बधिर करायचं इंजेक्शन दिलं की आपलाच हात दुसऱ्याचा वाटतो, तसं ते वर्ष गेलं. बाटली मी प्रयोगशाळेच्या मोरीत ओतली. मोरीत तपकिरी डाग राहिला, तो घासूनही बरेच दिवस गेला नाही.

ऑपरेशननंतर दाखवायला आणलं होतं तेव्हा आम्ही दोघी हुबळी स्टेशनच्या बाकावर बसलो होतो. सासू शेंगा आणायला गेली होती. मी अक्काला विचारलं, असं का सांगितलंस.

अक्काचा आवाज ऑपरेशननंतर जरा बसका झाला होता. ती म्हणाली, "आमच्या घरात शिकलेलं माणूस तू एकटी. तुझंच चुकलं म्हणून म्हातारीला कळलं असतं, तर माझ्या पोरीला कॉलेजात कोण पाठवलं असतं?"

मग म्हणाली, मिठाचं पाकीट घेऊ काय जाताना. घेतलं.

भाची दहावी झाली, बारावी झाली. दोन हजार साल उलटल्यावर ती मळमड्डीत माझ्या खोलीवर राहून बी.एस्सी. करायला लागली. ठुशी आता अक्का रोज घालते, दोर एकदम आत ओढून, ऑपरेशनची खूण तिच्याखाली झाकते. बारीक मीठ धुता येत नाही याची तक्रार सासू मरेपर्यंत करत राहिली.

एका संध्याकाळी भाची पुस्तकातलं थायरॉइडचं पान वाचत होती. आयोडीन कमी, आयोडीन जास्त, दोन्हींचे परिणाम. वाचता वाचता म्हणाली, "मावशी, आई इतकी कशी ग अडाणी? वैदूचं औषध घेतलं तिनं. तू होतीस की घरात."

मी आमटीत मीठ घालत होते. चमच्यानं मोजून घालते मी, हुबळीच्या डॉक्टरांकडं गेलो त्या दिवसापासून. म्हटलं, तेव्हा कळायचं नाही ग लोकांना.

तिनं पान उलटलं.

आता तिची एम.एस्सी. झाली आहे आणि ती शिकवते. तिला आता कुणी थांबवू शकत नाही. म्हणून हे लिहिलं. लिहून झालं की पहिल्यांदा तिलाच वाचायला देणार आहे.