पप्पांचं प्रायश्चित्त

माझे पप्पा परळच्या आमच्या मराठी चर्चमध्ये दर रविवारी मुलांना पवित्र शास्त्र शिकवायचे. नियमशास्त्र, म्हणजे देवाच्या आज्ञा, आणि कृपा, म्हणजे फुकट मिळालेली क्षमा, हा त्यांचा आवडता धडा. "नियमशास्त्र तुमचा दोष दाखवतं, धुऊन काढत नाही. धुण्याचं काम प्रभूने वधस्तंभावर एकदाच केलं. त्यात आपल्या घामाचा थेंबही मिसळायचा नाही." त्या मुलांत मीही बसलेली असायचे. आठवड्याचे बाकीचे दिवस ते एका कंपनीची स्टाफबस चालवायचे.

एका सकाळी लालबागला उभ्या टेम्पोच्या आडून एक मुलगी धावत रस्त्यात आली. एकोणीस वर्षांची, कॉलेजला निघालेली. पप्पांनी ब्रेक दाबला, पण उपयोग झाला नाही. ती जागीच गेली.

खटला चालला. पप्पांची चूक नव्हती, असं कोर्टाने म्हटलं. त्या दिवशी आईने गुडघे टेकून देवाचे आभार मानले. पप्पा बूटही न काढता भिंतीकडे तोंड करून बसले होते. पुढच्या रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या भाकरीचं ताट त्यांच्यासमोर आलं, ते त्यांनी काही न घेता तसंच शेजारच्याकडे दिलं.

चर्चचे पाळकसाहेब घरी आले. म्हणाले, "कोर्टाने सोडलं, देवाने सोडलं. आता स्वतःला धरून ठेवणारे तुम्ही कोण?"

"त्या मुलीच्या आईने कुठे सोडलंय?" पप्पा म्हणाले.

ती बाई घोडपदेवच्या एका चाळीत तिसऱ्या माळ्यावर एकटी राहायची. मूळची मालवणकडची, नवरा आधीच वारलेला. पप्पा मला घेऊन तिच्या दारात गेले. पाणी खालच्या नळाला आलं होतं आणि तिची कळशी दारातच रिकामी होती. पप्पांनी ती उचलली नि भरून आणली. तिने नको म्हटलं नाही, या असंही म्हटलं नाही.

मग दर रविवारी उपासना झाली की ते तिकडे जायचे. दोन वर्षं. गुडघे दुखायला लागले, तरी तीन माळे पाणी चढवत राहिले. आम्हाला शिकवलेला धडा ते स्वतःच मोडत होते. मला ते कळत होतं, पण बोलायचा धीर झाला नाही.

एका रविवारी मी सोबत होते. पप्पांनी कळशी ठेवली आणि ती बाई पहिल्यांदा बोलली.

"आता येव नका."

"माझं काही चुकलं का, ताई?"

"तुमी इलास काय माझा चेडू परत मरता. दर आयतवारी मरता." ती शांतपणे बोलत होती. "कोर्टात तुमका रडताना बघलंय, तेवाच माफ केलंय मी. ह्या पाणी तुमी माझ्यासाठी आणतास, की तुमच्यासाठी?"

तिने आत जाऊन चहाचा कप आणला आणि त्यांच्यापुढे धरला. पप्पांचा हात थोडा पुढे आला, मग मागे गेला. "नको," एवढंच म्हणाले आणि जिना उतरू लागले.

खाली आल्यावर कठड्याला धरून उभे राहिले. "सगळ्या जगाला शिकवलं गं," म्हणाले, "पण फुकट मिळालेलं घ्यायला हात पुढे होत नाही."

त्यानंतर ते कुठेच गेले नाहीत. चर्चलाही नाही. पुढच्याच वर्षी त्यांचं हृदय थांबलं. पाळकसाहेब म्हणतात, कृपा आपल्या हाताच्या बळावर अवलंबून नसते. ज्याला ती घेता आली नाही त्याच्यासाठीही प्रभू मेला. माझा विश्वास आहे त्यावर. तरी एखाद्या दिवशी तो पुरत नाही.

दफनानंतर मी घोडपदेवला कळवायला गेले. बाई उंबऱ्यातच खाली बसली आणि पदर तोंडाला लावून रडली. मीही तिच्या शेजारी बसले.

"घरात आणि कोण असा?" तिने विचारलं.

"आई."

"तिका एकदा घेवन ये."

आईला वाटतं, त्या जिन्यांनीच पप्पांना खाल्लं. घोडपदेवला येतेस का, हे मी अजून तिला विचारलेलं नाही.