विष्णूकाकांच्या तोंडचं गाऱ्हाणं

विष्णूकाका मठकर वेंगुर्ल्याचे. बोटीवर खलाशी होते. एकतीस साली लॉस एंजेलिसच्या बंदरात उतरले ते परत चढलेच नाहीत. उंचेपुरे, नाक धारदार, म्हणून सिनेमावाल्यांनी उचललं. चाळीस वर्षं अरब, मांत्रिक, महाराजाचा पहारेकरी असलीच कामं, बहुतेक मुकी. कधीमधी वाक्य मिळालं, तर पडद्यावर ते कुणा गोऱ्याच्या आवाजात आलं. "तोंड माजा, आवाज दुसऱ्याचो," म्हणून काका हसायचे. मला हसू यायचं नाही. चेहरा तेवढा वापरायचा आणि माणसाला गप्प ठेवायचं, ही कसली रीत?

चौऱ्याऐंशीच्या गणेशोत्सवात लॉस एंजेलिसच्या आमच्या मराठी मंडळानं त्यांचा सत्कार ठरवला. काका मला फोनवर म्हणाले, "कांचन, शाल नको गो. देवासमोर गाऱ्हाणा घालूक दी. माजो आवाज एकदा तरी लोकांनी आयकांदे." कोकणात वडीलधारा माणूस सगळ्यांच्या वतीनं देवाकडे मोठ्यानं मागतो, जमलेले "व्हय महाराजा" म्हणतात, ते गाऱ्हाणं.

मी हे सांगितलं तेव्हा मंडळाचे अध्यक्ष डॉक्टर गिरीश "हो हो, शुअर" म्हणाले होते. ऐनवेळी स्टेजवर माइक सोडेचनात.

"काका, तुम्ही नुसते हात जोडून उभे राहा. मी शुद्ध मराठीत लिहून आणलंय, वाचतो. तुमची भाषा मुलांना कळायची नाही."

"आणि तुमची कळते?" मी खालूनच विचारलं. मुलं मागे इंग्रजीत भांडत होती.

"वहिनी, सीन करू नका, प्लीज. जेवण गार होतंय."

"होऊ दे. पुऱ्या मी तळल्यात."

काका खरंच हात जोडून उभे राहिले होते! उभं राहा म्हटलं की राहायचं, तीच जन्माची सवय. ते बघून माझं डोकं फिरलं. मी चपला काढून स्टेजवर गेले आणि गिरीशच्या हातातला माइक ओढून घेतला.

"देवासमोर तरी ह्यांच्या तोंडी दुसऱ्याचा आवाज घालू नका!"

मी पुढे केलेला माइक काकांनी घेतलाच नाही. हातानं बाजूला सारला.

"बा देवा महाराजा!"

वादळात डेकवरून हाक मारावी तसा आवाज. मागची मुलं भांडण सोडून स्टेजकडे बघायला लागली. काकांनी सगळ्यांच्या लेकरांसाठी मागितलं. परमुलखात जी माणसं एकटी मेली त्यांच्यासाठी मागितलं. मग म्हणाले, "ह्या डाक्टराच्या हाताक यश दी रे महाराजा!"

"व्हय महाराजा," मी म्हटलं. मग दोन-चार बायका, मग सगळा हॉल.

गिरीशचे ओठ हलले की नाही, मी पाहिलं नाही. मी देवाकडे बघत होते, आणि अजून रागातच होते.