मिस्कॉलवाले साडू

आमच्या थोरल्या साडूंइतका लोकांच्या संध्याकाळी नासवणारा गृहस्थ उभ्या हिंगोली जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. औंढ्याला नागनाथाच्या देवळाजवळ त्यांचं नारळ-प्रसादाचं दुकान होतं. मोबाइल नवे नवे आले तेव्हा त्यांनी एक जुना फोन घेतला, पायजम्याच्या नाडीनं गळ्यात बांधला आणि सात जणांची दारू सोडवायला काढली. त्या सातांत मीही होतो. बायकोनंच मला आपल्या बहिणीच्या नवऱ्याच्या हवाली केलं होतं.

उपचार असा. आमचे पाय गुत्त्याकडे वळायची वेळ सातची, म्हणून सातच्या ठोक्याला प्रत्येकानं घरून साडूंना मिस्कॉल द्यायचा. मिस्कॉल आला म्हणजे आज घेतली नाही. मग त्या माणसाच्या नावाचा नारळ टोपलीतून फळीवर चढे, सकाळी परत टोपलीत. गुत्त्यात बसूनही मिस्कॉल देता येतो हे आमच्यातल्या एका विद्वानाला सुचलं होतं, पण साडू अधूनमधून लूनावरून येऊन तोंड हुंगत, त्यामुळे ती अक्कल वाया गेली. एकदा मेहुणीबाईंनी आमच्यातल्या तांड्यावरच्या नाईकांचा नारळ फळीवरून उचलून एका यात्रेकरूला विकला. फळीवरची जागा मोकळी दिसताच साडू तडक तांड्यावर! नाईक बिचारे भाकरी खात होते.

"तुमचा नारळ कुठंय?" साडू दारातूनच ओरडले, आणि महिनाभर न प्यालेल्या माणसाची त्यांनी बिनपाण्यानं केली.

आलेला मिस्कॉल साडू कधी उचलत नसत. "बोलायला लागलं की मानूस रडतो, अन् रडला की पितो," हे त्यांचं वैद्यकशास्त्र. स्वतः त्यांनी बारा वर्षांपूर्वी सोडली होती. "आता वाससुदिक आठवत न्हाई," असं ते आमची तोंडं हुंगता हुंगता सांगत.

एका संध्याकाळी टॉवर बंद पडला. कुणाचाच मिस्कॉल लागेना. साडू काय समजतील या धास्तीनं आम्ही सातही जण तोंड दाखवायला दुकानाकडे निघालो, आणि साडू आमच्या घरांकडे. प्रत्येक घरी त्यांना एकच उत्तर मिळालं, "ते भाईर गेलेत." आम्ही पोचलो तर दुकान बंद, दाराच्या फटीतून पाहिलं तर फळी रिकामी. शोधता शोधता लूना दिसली ती गुत्त्याबाहेर. आम्हाला पकडायला आले असतील म्हणून हसत आत शिरलो. साडू कोपऱ्यात बसले होते. समोर भरलेला ग्लास.

"दादा, हे काय?" मी विचारलं.

"सगळे गेले वाटलं," ते म्हणाले. "तुमीच न्हाई राहिले तर म्या कोनासाठी राहू?"

नाईकांनी ग्लास उचलून मोरीत ओतला आणि म्हणाले, "चला, नारळ चढवा. सात हाव आमी."

दुसऱ्या दिवसापासून नियम वाढला. आमचे नारळ चढले की साडूंनी मला मिस्कॉल द्यायचा. ते जाईपर्यंत त्यांनी एक दिवस चुकवला नाही. मीही शहाण्यासारखा तो कधी उचलला नाही, नियम म्हणजे नियम. आता फार वाईट वाटतं. एखाद्या दिवशी उचलून विचारायला हवं होतं, दादा, आज जड जातंय का? रडले असते तर रडले असते.