मामींच्या पेटीतला श्वास

तमिळ मुलखात, ओरगडमच्या बाजूला माझी नोकरी होती आणि तिथे माझं काम लग्नं जुळवण्याचं. माणसांची नव्हे, कपॅसिटरांची, म्हणजे यंत्रात वीज साठवणाऱ्या चिमुकल्या भागांची. एकाच आकड्याचे म्हणून कारखान्यातून आलेले कपॅसिटर कधीच एकसारखे नसतात. कुणी केसभर जास्त, कुणी केसभर कमी. आमची कंपनी बनवी त्या इलेक्ट्रॉनिक वजनकाट्यांना तो केसभर फरक खपत नसे. म्हणून मी एकेक मोजायचा आणि तंतोतंत जुळणारे दोघे हुडकून त्यांची जोडी लावायची. स्वस्त मालातून अचूक यंत्र! माझं स्वतःचं कुठेच जुळत नव्हतं, हे आई फोनवर ऐकवायची. पण कपॅसिटरांच्या बाबतीत माझा हात धरणारा कुणी नाही, असं मला वाटायचं. त्या वाटण्यातूनच पुढचं सगळं झालं.

राहायला नुंगंबाक्कममध्ये होतो, एका तंजावरी मराठी मामींच्या घरात, वरच्या खोलीत. मामी एकट्याच, यजमान, म्हणजे काका, आदल्या वर्षी गेलेले. मामींची मराठी माझ्या मराठीहून जुनी आणि मधेच तमिळमध्ये शिरणारी. मला त्या तंबी म्हणत, म्हणजे धाकटा भाऊ; कधी मायेनं कण्णा, म्हणजे बाळा. वयाच्या हिशेबानं नातू शोभलो असतो. यजमानांनी निवृत्तीनंतर हौसेनं घरीच एक श्रुतीपेटी बनवली होती. तंबोऱ्याऐवजी मागे सूर धरून ठेवणारी, बॅटरीवर चालणारी. मामी हल्ली गात नसत, पण दुपारचं जेवण झालं की पेटी लावून हॉलमध्ये चटईवर आडव्या होत.

एकदा ती पेटी खरखरू लागली.

"तंबी, येवढी खरखर काढून दे की रे."

खरखर एका सुटलेल्या तारेची होती. तार जोडून पेटी बंद केली असती तर ही हकीगत इथेच संपली असती. पण उघडलेली वस्तू नुसती दुरुस्त करून परत देईन तर तो मी कसला! आत षड्ज दोन ठिकाणी तयार होत होता. सूर किती उंच ते ठरवणारे दोन्हीकडचे कपॅसिटर मोजले तर किंचित वेगळे. काका बिचारे हौशी, त्यांच्याकडे मीटर कुठला असणार, असं म्हणून मी त्यांना उदार मनानं क्षमा केली. दोन्ही काढले आणि ऑफिसच्या मीटरवर पारखलेली, जुळ्या भावांसारखी जोडी बसवली. काढलेले दोन माझ्या डब्यात टाकले. डब्यात रिची स्ट्रीटच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून आणलेला जुना माल गच्च भरलेला. सगळ्यांवर तोच आकडा, सगळ्यांचा तोच मळकट पिवळा रंग. वर मी डबा खुळखुळा वाजवावा तसा वाजवलासुद्धा. का, ते विचारू नका.

दुसऱ्या दिवशी रविवार. दुपारी मामींची जिन्याखालून हाक आली.

"तंबी, श्वास घेईना."

मी धडपडत खाली. "कोण मामी? कोण श्वास घेईना?"

त्यांनी पेटीकडे बोट केलं. पेटी सुरेख वाजत होती. काचेसारखा सरळ सूर.

"वाजतेय की!"

"वाजतें. श्वास घेईना."

मग त्यांनी सांगितलं. यजमान गेल्यावर दुपारी घर खायला उठायचं. एकदा सहज पेटी लावली, तर सूर हळूहळू फुगत होता, ओसरत होता. फुगत होता, ओसरत होता. अगदी ते झोपल्यावर छाती हलायची तसा.

"शनिवारपर्यंत होतें, कण्णा. तू काय केलास?"

 काय केलं ते मला नेमकं कळलं. जवळजवळ सारखे दोन सूर एकत्र वाजले की त्यांच्यातला फरक असा लाटेसारखा ऐकू येतो. मी फरकच काढून टाकला होता. एका भल्या माणसाला मरणानंतर मारण्याचा मान मला मिळाला.

आता ते दोन परत बसवायचे, पण डब्यातले कुठले? मोजले होते खरे; आकडे लक्षात ठेवण्याइतके ते मला महत्त्वाचे वाटले नव्हते. म्हणून दर रविवारी जेवणानंतर डबा घेऊन मी हॉलमध्ये बसू लागलो. एक जोडी लावायची, मामींनी डोळे मिटून ऐकायचं.

"हा जिना चढून आला."

दुसरी जोडी.

"हा झोपेचें सोंग करतो. उठव त्याला."

तिसरी.

"अय्यो, ह्याला ताप आहे रे!"

मी हसायचो. मग हसू थांबायचं, कारण प्रत्येक जोडीबरोबर हॉलमध्ये खरोखरच कुणी परका माणूस येऊन झोपल्यासारखा वाटायचा. डबा संपत आला, काका काही येईनात.

शेवटी डोक्यात प्रकाश पडला. तेच दोन कपॅसिटर कशाला हवेत? त्यांच्यात होता तेवढाच फरक असलेले कुठलेही दोन चालतील! मी नवेकोरे, निळे कपॅसिटर आणले, मोजून ओळीनं मांडले आणि प्रत्येक वेळी थोडा अधिक फरक ठेवत जोड्या लावत गेलो. आयुष्यभर फरक मिटवण्याचा पगार घेतला. इथे फरक जुळवत होतो.

एका जोडीला मामी चटईवर आडव्या झाल्या. म्हणाल्या, "हं. आले."

मी त्या निळ्या कपॅसिटरांकडे पाहिलं. काकांनी त्यांना कधी हातही लावला नव्हता. मग हॉलमध्ये आलं कोण?

तेवढ्यात वीज गेली. पंखा थांबला, मे महिन्याची दुपार खोलीत शिरली. पेटी बॅटरीवर चालूच होती. आणि श्वास लांबू लागला. फुगला... ओसरला... मग बराच वेळ काही नाही. माझ्याकडे कारण तयार होतं: उष्णतेनं कपॅसिटर बदलतात, दोघे सारखे बदलत नाहीत, आणि फरक घटला की लाट लांबते. तरीही मी पेटीकडे हात नेला.

"राहू दे," मामी मिटल्या डोळ्यांनी म्हणाल्या. "उकाड्यांत ते असेंच करतात. मागच्या मे महिन्यांतही पेटी अशीच करत होती. पंखा आला की घेतील."

वीज आली. पंखा फिरू लागला. थोड्या वेळानं सूर पुन्हा फुगला, ओसरला.

मी डबा उचलला, आतलं काही वाजून झोपमोड होऊ नये म्हणून पोटाशी धरला, चवड्यांवर चालत बाहेर आलो आणि दार अगदी हळू ओढून घेतलं. जिन्यात आल्यावर लक्षात आलं, मामी तर जाग्याच होत्या.