हवा कुठून जाते

इंजिनाची ताकद कमी झाली की गाडीवाले एकच सांगत: ओढत नाही. चढ आला की दम टाकते, पेट्रोल जास्त खाते, सकाळी सुरू व्हायला त्रास देते. यावरून दोष कुठला ते कळत नाही, म्हणून आम्ही आमच्या गॅरेजात प्रत्येक सिलिंडर हवा भरून तपासायचो. गॅरेज धुळ्याला, आग्रा रोडच्या कडेला होतं. माझ्या थोरल्या भावाने ते सुरू केलं आणि दहावीनंतर मला हाताशी घेतलं. मी त्याला भाऊच म्हणायचो. गिऱ्हाइकंही त्याला भाऊच म्हणत.

तपासायचं यंत्र भावानेच बनवलं होतं. एका जुन्या स्पार्क प्लगमधली चिनीमाती फोडून काढली, त्या लोखंडी कवचाला पितळी नळी जोडून घेतली, नळीवर एक तोटी आणि एक गेज. ज्या सिलिंडरचा संशय असेल त्याचा पिस्टन वर आणायचा, म्हणजे दोन्ही वॉल्व्ह बंद असतात. गाडी गियरमध्ये टाकून ब्रेक घट्ट लावायचा, प्लगच्या जागी हे यंत्र बसवायचं, कॉम्प्रेसरची हवा आत सोडायची आणि तोटी बंद करायची. गेजचा काटा जागेवर उभा राहिला किंवा अगदी हळू उतरला तर सिलिंडर चांगला. भराभर उतरला तर हवा कुठून तरी निसटते आहे. ती कुठून निसटते हे मात्र कानाने ओळखायचं. कार्बोरेटरच्या तोंडाशी फुसफुस आली तर हवा आत घेणारा वॉल्व्ह खराब, सायलेन्सरमधून आली तर बाहेर सोडणारा, ऑइल भरायच्या तोंडातून आली तर रिंगा गेल्या. रेडिएटरच्या पाण्यात बुडबुडे आले तर हेडचं गॅस्केट.

भाऊ रबरी नळीचं एक टोक कानात घालायचा, दुसरं टोक एकेका तोंडाशी धरायचा आणि डोळे मिटायचा. रस्त्यावरून ट्रक जात, शेजारी वेल्डिंग चाले, तरी त्याला नेमका दोष कळायचा. साक्री, पिंपळनेरपर्यंतचे गाडीवाले त्याला कानवाला मिस्त्री म्हणून ओळखत. दुसरीकडे उघडूनही दोष न सापडलेली इंजिनं आमच्याकडे यायची. त्याने सांगितलं आणि ते निघालं नाही, असं माझ्या आठवणीत तोवर झालेलं नव्हतं.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. एप्रिल संपत आला होता. पत्र्याखाली दुपारी पाना हातात धरवत नव्हता. लग्नसराईमुळे काम खूप होतं आणि आम्ही दोघंही थकलो होतो. सकाळी दुकान उघडताना आज कोणी येऊच नये असं मला वाटायचं, आणि गाड्या तर रांगेत उभ्या असायच्या. त्या गर्दीत पिंपळनेरकडचे एक नाना आपली जुनी पेट्रोल जीप घेऊन आले. म्हातारे शेतकरी होते, त्यांची गाडी कधीपासूनच आमच्याकडे यायची. त्यांच्या गावात तेव्हा दुसरी गाडी नव्हती, म्हणून आजारी माणूस असो की नवरी, त्यांच्याच जीपमधून जायचं. घाटात जीप आता चालत्या माणसाच्याही मागे राहते, असं ते म्हणाले.

तिसऱ्या सिलिंडरचा काटा भराभर पडला. भावाने नळी कानात घातली. कार्बोरेटरशी धरली, सायलेन्सरशी धरली, मान हलवली. मग ऑइल भरायच्या तोंडावर तळहात ठेवला. जुन्या इंजिनात तिथे थोडी हवा लागतेच, ती त्याला लागली. मी त्या वेळी दुसऱ्या गाडीखाली होतो.

"रिंगा जायेल शेतस," भाऊ म्हणाला. "बठ्ठं इंजिन खोलनं पडी."

नाना खोला म्हणाले आणि एसटीने परत गेले.

दुसऱ्या दिवशी मी हेड काढलं, पिस्टन बाहेर ओढले. तिसऱ्या पिस्टनच्या रिंगा हातात घेतल्या तर त्यांना काहीच झालेलं नव्हतं. सिलिंडर आतून गुळगुळीत होता. मग मी हेड उलटं केलं. तिसऱ्याचा बाहेर सोडणारा वॉल्व्ह कडेने जळून गेला होता. उंदराने भाकरीचा कोपरा कुरतडावा तसा. एवढ्या फटीतून हवा सायलेन्सरमध्ये गेली असेल तर ती शिट्टीसारखी वाजली असणार. भाऊ जवळ आला, त्याने वॉल्व्ह उजेडात धरून फिरवून पाहिला.

"वॉल जळेल शे," एवढंच तो म्हणाला आणि हात पुसत दुसऱ्या कामाकडे गेला.

मला वाटलं, थकल्यामुळे झालं असेल. माझीही त्या दिवसांत रोज एखादी चूक होत होती. नवा वॉल्व्ह आणला, सीट घासून घेतली, इंजिन पुन्हा बांधलं. नानांना निरोप पाठवला. इंजिन फुकट उघडलं गेलं होतं, ते मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, माणसाच्या हातून होतं. आणि जीप घेऊन जाण्याआधी एकदा हवा भरून दाखवा, म्हणजे मला घोर नाही.

नाना हत्यारांच्या पेटीवर बसले. मी यंत्र बसवलं आणि हवा सोडली. तिसऱ्या सिलिंडरचा काटा चढला आणि पुन्हा भराभर उतरायला लागला. पण लगेच कळलं, यंत्राचाच वायसर सरकला होता आणि प्लगच्या भोकापाशीच हवा निसटत होती. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी होतो तसा मोठा फुस्स आवाज येत होता. मी पाना आणायला वळलो.

तेवढ्यात भावाने नळी कानात घातली होती. तो कार्बोरेटरवर वाकला. तिथे काही नव्हतं. ऑइलच्या तोंडाशी गेला, तिथे नव्हतं. रेडिएटरचं झाकण काढून पाण्यात पाहिलं. मागे जाऊन सायलेन्सरशी बसला. परत पुढे आला, काट्याकडे पाहिलं, मला पुन्हा हवा सोडायला सांगितलं. मी सोडली. आवाज त्याच्या हातापासून वितीवर होता. तो डोळे मिटून कार्बोरेटरच्या तोंडात ऐकत होता आणि कपाळावरून घाम नाकावर येत होता.

मी पाना हातात धरून उभा होतो. नानांनाही तो आवाज ऐकू येत होता. ते आधी यंत्राकडे, मग भावाकडे, मग माझ्याकडे पाहत राहिले. मग ते उठले, चहा घेऊन येतो म्हणाले आणि बाहेर गेले. त्यांच्या चपला बाहेर वाजेपर्यंत मी थांबलो. मग पुढे होऊन यंत्र पान्याने आवळलं. आवाज बंद झाला. पुन्हा हवा सोडली तेव्हा काटा चढला आणि तिथेच उभा राहिला.

भाऊ माझ्या हाताकडे पाहत होता. त्याने कानातली नळी काढली.

"आवाज व्हता का?"

"व्हता."

"मोठा?"

खोटं बोलावं असं मनात आलं. पण नाना येतील, पुढची गाडी येईल, परत हेच होईल, हे दिसत होतं.

"मोठा व्हता, भाऊ."

त्याने नळी फडक्याने पुसली, गुंडाळली आणि खिळ्याला अडकवली. मग तो जीपच्या फूटबोर्डवर बसला. नाना तीन कप घेऊन आले, आम्ही चहा प्यायलो, घाटातल्या रस्त्याबद्दल बोललो. जीप घेऊन जाताना नाना मला बाजूला घेऊन म्हणाले, "तुन्हा भाऊले एकटा सोडू नको."

घरी गेल्यावर मी वहिनीशी बोललो. ती फैजपूरकडची, केळीच्या बागांमधली. तिची बोली आमच्यापेक्षा वेगळी होती आणि इतक्या वर्षांनंतरही तिने ती सोडली नव्हती. ती कणीक मळत होती, हात थांबवले नाहीत.

"मले माहीत होतं," ती म्हणाली. "पण मी कसं सांगू त्यायले?"

मागच्या पावसाळ्यापासून तिच्या लक्षात आलं होतं. दूध उतू जाताना त्याला ऐकू येत नव्हतं, रात्री डास कानाशी आला तरी हात हलत नव्हता. मागून बोललं तर तो वळत नव्हता, म्हणून ती आधी खांद्याला हात लावायची आणि मग बोलायची. तिने ते इतकं सहज केलं होतं की एकाच घरात राहून मला दिसलं नाही. दिवसभर गॅरेजात मी ओरडूनच बोलायचो, सगळेच ओरडून बोलत, त्यामुळे तिथे कळायला मार्गच नव्हता.

जळगावला कानाचे एक डॉक्टर होते, वहिनीच्या भावाच्या ओळखीचे. मे महिन्यात एक दिवस गॅरेज बंद ठेवून मी भावाला घेऊन गेलो. पारोळा, एरंडोल करत बस पोहोचली तोवर दोघांचे शर्ट पाठीला चिकटले होते. डॉक्टरांनी कानाशी घुमणारे पोलादी काटे वाजवून पाहिले, यंत्रावर तपासलं. मग सांगितलं की वर्षानुवर्षं इंजिनांजवळ राहून आतली नस दमली आहे. असं होतं तेव्हा बारीक, उंच आवाज आधी जातात. माणसाचं बोलणं, हॉर्न, हातोडा हे ऐकू येत राहतं, म्हणून माणसाला स्वतःला कळत नाही. औषध नाही. कानाला मशीन लावलं तर थोडा उपयोग होईल. भावाने एकच विचारलं, हवेची फुसफुस ऐकू येईल का. डॉक्टर म्हणाले, ते मी सांगू शकत नाही.

परतताना भाऊ खिडकीशी बसला होता. एरंडोलच्या पुढे तो झोपला आणि त्याचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. मी धुळ्यापर्यंत हललो नाही.

मशीन आणलं. ते कॉम्प्रेसरजवळ नेलं की स्वतःच शिट्टी वाजवायचं. भावाने ते महिनाभर लावलं आणि घरी कपाटात ठेवून दिलं. हवेची तपासणी मी करायला लागलो. गिऱ्हाइकं विचारत, भाऊ नाही का बघणार, आणि मी काहीतरी सांगून वेळ मारून न्यायचो. भाऊ टॅपेट लावायचा, ब्रेक करायचा. तेही तो चांगलं करायचा, पण मी यंत्र बसवलं की तो हातातलं काम घेऊन मागे जायचा.

दिवाळीच्या आधी, कापूस घरात यायच्या दिवसांत, तो एकदा खिशात कापसाचं बोंड घेऊन आला. माझ्या हातातलं यंत्र घेऊन इंजिनावर बसवलं, हवा सोडायला सांगितलं. त्याने कापसाचे दोन-चार तंतू ओढून चिमटीत धरले आणि कार्बोरेटरच्या तोंडाशी नेले. तंतू सरळ लोंबत राहिले. ऑइलच्या तोंडाशी नेले, जरासे हलले. सायलेन्सरच्या तोंडाशी नेले तर ते वाऱ्यावरच्या गवतासारखे आडवे झाले. भावाने माझ्याकडे पाहिलं. मी नळी कानात घालून ऐकलं आणि मान हलवली. तिथेच होतं.

पुढची काही वर्षं तो असंच तपासायचा. बऱ्याचदा जमायचं. पण सोसाट्याचा वारा असला, फट फारच बारीक असली की तंतू फसवत. मग तो मला हाक मारायचा, आणि हाक मारताना त्याच्या चेहऱ्यावर जे यायचं ते बघायला मला नको व्हायचं. मी ऐकून सांगायचो, तो हं म्हणायचा. रोज संध्याकाळी शटर ओढताना आम्ही दोघंही न बोलता ओढायचो. भांडण कधी झालं नाही. फक्त शीण साठत गेला.

मग वहिनीच्या वडिलांना केळीची बाग बघणं होईना. तिला भाऊ एकच, तो नोकरीला बाहेर. फैजपूरला जाऊन राहायचं का, असं वहिनीने विचारलं आणि भाऊ लगेच हो म्हणाला. मला त्याच्या लगेच हो म्हणण्याचं वाईट वाटलं आणि सुटल्यासारखंही वाटलं. हत्यारं त्याने सगळी इथेच ठेवली. फैजपूरला तो बाग बघतो आणि आजूबाजूच्या लोकांची पाण्याची इंजिनं दुरुस्त करून देतो असं कानावर यायचं.

मी पहिल्यांदा गेलो तो पुढच्या उन्हाळ्यात. बागेत केळीच्या पानांखाली गारवा होता, पाटाला पाणी सोडलेलं होतं. भाऊ खूप बोलला. केळीवरचा रोग, घडाचं वजन, शेजाऱ्याचं इंजिन, सासऱ्यांचा हट्टी बैल. गॅरेजात इतक्या वर्षांत तो माझ्याशी इतकं बोलला नव्हता. मध्ये मी काही विचारलं तर तो माझ्या ओठांकडे बघून उत्तर द्यायचा, आणि त्याला त्याची लाज वाटत नव्हती. गॅरेज कसं चाललंय ते त्याने विचारलं. मी चाललंय म्हणालो. त्याने पुन्हा विचारलं नाही.

वहिनीने वांग्याचं भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी वाढली. जेवल्यावर मला बागेच्या कडेला बाज टाकून दिली. संध्याकाळच्या गाडीने परत निघायचं ठरलं होतं. जाग आली तेव्हा दिवस मावळला होता, गाडी गेली होती आणि अंगावर कोणीतरी चादर टाकलेली होती. मला कोणी उठवलं नव्हतं. मी कूस बदलली आणि परत झोपलो.